वर आलेली टाळू

चांगुणाबाईंच्या पायांवर न्हायलं नाही असं लेकरू कळमनुरीत शोधावं लागेल. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे त्यांचं काम. पाय लांब करून पाटावर बसायचं, बाळ पिंडऱ्यांवर पालथं घालायचं, तेलानं रगडायचं आणि शेवटी टाळूवर तेल सोडून ते बोटांनी जिरवायचं. टाळू भरली की डोकं पक्कं होतं, खोल गेली की लेकरू वाळतं, एवढं त्यांचं शास्त्र. भरलेल्या टाळूखाली काही वाईट असू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यामुळे स्वतःच्या नातवाची, मुलगा प्रमोदच्या पहिल्या पोराची टाळू वर उचलून आली, तेव्हा बाई फुशारल्या. मागे आळीत गालफुगीची साथ येऊन गेली होती, तेव्हा बाळालाही ताप भरला होता. काही दिवस मलूल पडलं, मग उठून दूध प्यायला लागलं. ताप उतरला, विषय संपला. आता डोकं कसं गोल, भारदस्त! कुंची बसेना म्हणून बाईंनी मोठी शिवली आणि घरोघर मिरवली. "बघा गं, सायबाचं डोस्कं हाय!"

सून पल्लवी मात्र धास्तावलेली. "आत्या, सकाळी उठलं की दूध ओकून राहिलं. नजर बी सारखी खालीच. डॉक्टरला दाखवू का?"

"लाजतंय ते! अर्ध्या गावाची डोस्की ह्या हातांनी घडवली, आन् तू मला डॉक्टर सांगतीस?"

पल्लवी गप्प बसली. बसायला नको होतं, पण बसली.

मग सुट्टीवर करुणा आली. ही चांगुणाबाईंची धाकटी लेक, हैदराबादला एका प्रयोगशाळेत प्राण्यांच्या विभागात नोकरीला. बाळ आत झोपलेलं, डोक्यावर कुंची.

"एवढं शिकली आन् उंदरं पाळून राहिली," चहा देता देता बाईंनी टोमणा मारला.

"उंदरं न्हाई माय, हॅमस्टर. हे बघ." करुणानं मोबाइल पुढे केला. गुबगुबीत, उंदरासारखंच पिल्लू. डोकं घुमटासारखं फुगलेलं, डोळे खाली ढकललेले.

बाई खदखदून हसल्या. "अगं बया! ह्याची टाळू कोनं भरली?"

"कोनीच न्हाई. जन्मल्या जन्मल्या त्याला प्रयोगासाठी गालफुगीचा व्हायरस टोचला होता. जरासं आजारी पडलं, बरं झालं. व्हायरस बी संपला. आन् मग काही आठवड्यांनी डोकं वाढाया लागलं."

"बरं झाल्यावर? काहून?"

"मेंदूच्या आत पानी असतं माय, बारक्या वाटेनं वाहत असतं. व्हायरसनं त्या वाटेचं अस्तर खाल्लं. ते भरून येताना वाट आवळली. पानी तर तयार होतच राहतं, जाईल कुठं? पिल्लाचं हाड मऊ. डोकं फुगतं आन् आत मेंदू चेपत जातो."

बाईंचं हसू जिथल्या तिथे विरलं. त्यांनी मोबाइल हिसकून घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग चहाची बशी लवंडून त्या आत धावल्या. कुंचीचे बंद सोडले. बाळाला उभं धरून टाळूवर बोट ठेवलं. फुग्यासारखी ताठ! बाळ रडत नव्हतं, तरी ताठ. हेच बोट रोज तिथे फिरत होतं.

"करुणे! हिकडं ये!"

करुणानं पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "माय... हे कधीपासून?"

"गालफुगीचा ताप येऊन गेला तवापासून. मी कुंची मोठी शिवली गं," बाई म्हणाल्या. "मी कुंची मोठी शिवली!"

"माणसात गालफुगीनं असं क्वचितच होतं. कारण दुसरं बी असंल. पण आत्ताच्या आत्ता नांदेडला न्यायचं."

पल्लवी दारात उभी होती. बाई तिच्याकडे वळल्या. "तू म्हनत होतीस ते बराबर होतं. चल."

नांदेडला डॉक्टरीणबाईंनी टाळूवरूनच सोनोग्राफी केली. पडद्यावर मेंदूच्या मधोमध दोन काळे डोह पसरलेले. "हे सगळं पाणी," त्या म्हणाल्या. बाईंना पाणी म्हणजे थेंबभर वाटलं होतं.

"नळी घालून पाणी पोटात सोडू. जीव वाचेल. नजर, बसणं, बोलणं किती येईल, ते आज सांगता येणार नाही. आधी आणायला हवं होतं."

बाहेर बाकावर पल्लवी एक शब्द बोलेना.

"बोल ना गं," बाई म्हणाल्या. "शिव्या दे मला."

"काय बोलू आत्या? गप्प तर मी बी बसले."

ऑपरेशन झालं. जखम सुकल्यावर पल्लवीनं बाळाला मांडीवर उभं धरलं; करुणा शेजारीच होती. नजर अजून खालीच होती. चांगुणाबाई फरशीवर उतरून बसल्या, ती नजर पोचेल अशा बेतानं, आणि टाळ्या वाजवायला लागल्या. बाळाचे डोळे हलले. त्यानं पाहिलं का, हे तिघींपैकी कुणालाच सांगता येईना.