हौसाआत्याचं नेसणं

हौसाआत्या टीव्ही बघायला नटून बसायची. चेष्टा नाही, खरंच! मालिका लागायच्या आधी ती गोठ्यातून यायची, हातपाय धुवायची, केस विंचरायची आणि ट्रंकेतलं बरं लुगडं नेसून पलंगाच्या कडेला ताठ बसायची. पिंपळवंडीच्या शाळेत बदली होऊन मी तिच्या शेजारच्या खोलीत राहायला आले, त्या पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, म्हातारी कुणाच्या तरी लग्नाला निघालीय. विचारलं तर म्हणाली, "कुठं न्हाई वं बाई. त्या बंगल्यातल्या बाया सोन्यानं मढून समोर येत्यात. आपून शेणाच्या हातानं कसं बसायचं त्यांच्या म्होरं?"

मग मीही रोज तिच्याकडे जाऊ लागले. मालिका टुकारच असायची, पण आत्याचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. "ही बया झोपतीबी दागिन्यात. टोचत नसंल व्हय गं भवाने?" नाहीतर, "येवढा मोठा बंगला, आन् केर काढताना कवा कोन दिसलं न्हाई." मालिकेतल्या गरिबांवर तर तिचा फारच राग. "गरिबाच्या घरात नुसतं रडं. गरीब काय हसत न्हाई? आन् ठिगळं बघा, कशी नव्या कापडाची लावल्याती!" एकदा जाहिराती लागल्या असताना तिनं मला विचारलं, "बाई, ह्यांच्यात एक तर बंगला, न्हाईतर झोपडी. आमचं स्लॅबचं घर हाय, फ्रीज हाय, चार एकर ऊस-कांदा हाय, आन् मी शेनबी काढती. मग आमी कुठं हाय त्यात?" मी म्हटलं, आत्या, जाहिरात संपली.

ती त्या माणसांशी बोलायची, कारण बोलायला दुसरं कुणी नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. शेत वाट्यानं दिलेलं. एकुलता एक मुलगा दत्ता बायकोसह चाकणला, कंपनीत, आणि चाकण काही परदेशात नाही. नारायणगावातून एसटीत बसलं की दोन तासांच्या आत माणूस पोचतो. पण दत्ताला सुट्टी मिळत नव्हती. रविवारी फोन यायचा, "आई, बरी आहेस ना?" ही म्हणायची, "लई बरी." एवढ्यावर संपायचं. मग मालिकेतली मोलकरीण दिसली की आत्या तिला विचारायची, "जेवलीस का गं?" ते ऐकवत नसे.

अशात गावाबाहेरच्या एका बागायतदाराच्या बंगल्यात खरोखरच मालिकेचं शूटिंग आलं. गर्दीसाठी गावातली माणसं हवी होती. आत्यानं आदल्या दिवशीच दत्ताला फोन लावला. "मी टीव्हीत दिसनार हाय. सगळ्यांनी बसून बघा." सकाळी ती हिरवं इरकल नेसून निघाली. मीही गेले, गंमत बघायला.

तिथं कपडे वाटणाऱ्या मुलीनं तिच्या हातात एक ठिगळाचं लुगडं दिलं. "आजी, हे नेसा. तुम्ही गरीब वस्तीतल्या आहात."

"कोन म्हनतं?" आत्यानं विचारलं.

"अहो, मालिकेत!"

"मालिकेत असंल न्हाईतर आनि कुठं. माझा लेक जिता हाय, बाई."

त्या मुलीला ते कसं कळणार? आमच्याकडे खुरपणीला बायका जुनेर नेसतात, पण गावात शिरताना बांधावर बदलून घेतात. मुलगा असलेली आई फाटक्यात चारचौघांत दिसली तर लोक तिला नाही, मुलाला बोलतात. आत्यानं ते लुगडं घडी घालून परत दिलं आणि घरी आली. तिच्या जागी डिंगोरे गावची एक म्हातारी उभी केली. दत्ताला मात्र आत्यानं काही कळवलं नाही. "कसं सांगू? लई मोठ्या तोंडानं सांगितलंय," म्हणाली.

तो भाग आम्ही दोघींनी मिळून बघितला. डिंगोऱ्याची म्हातारी पाठमोरी, ठिगळाच्या लुगड्यात बंगल्याच्या पायऱ्या झाडत होती आणि मालकीण तिला टाकून बोलत होती. तोंड दिसलंच नाही. आत्या एवढंच म्हणाली, "बरं झालं, मी न्हाई."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दारात दत्ताची मोटरसायकल! हातात दोन नवी लुगडी. ओट्यावर बसून तो गडी ढसाढसा रडला. "आई, मी काय मेलोय का गं? फाटकं नेसून लोकाच्या पायऱ्या झाडायला गेलीस? सासरची सगळी मानसं बसली व्हती बघायला. माझी मान वर व्हईना."

मी बोलायला तोंड उघडलं. आत्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी ते मिटलं. मग तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "चुकलं रं माझं. चल, मासवड्या करती."

दत्ता राहिला, पोटभर जेवला, आईच्या शेजारी बसून मालिकाही बघितली. आत्या त्या संध्याकाळी नटली नव्हती. कामाच्याच लुगड्यात त्याला चिकटून बसली होती, आणि मालिकेतल्या कुणाशी एक अक्षर बोलली नाही. तो गेल्यावर मी तिला झापलंच, "आत्या, खरं का नाही सांगितलंत?" ती म्हणाली, "आला का न्हाई पर?"

पुन्हा रविवारचे फोन सुरू झाले. दिवाळी गेली, जत्रा गेली, दत्ताला सुट्टी मिळाली नाही.

माझी बदली तळेघरला झाली तेव्हा निरोप घ्यायला गेले. तिनं शेजारणीकडून खणानारळानं माझी ओटी भरवली, वेशीपर्यंत सोबत आली. गाडी दिसली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "बाई, तिकडं डोंगरात शूटिंगवाले येत असतील ना? आले तर माझं नाव सांगा. म्हनावं, पिंपळवंडीत एक म्हातारी हाय. फाटकं नेसायला तयार हाय."