आमचे साडू आणि अडलेला काटा

आमच्या थोरल्या साडूंइतका निवांत माणूस सबंध निपाणी-चिकोडी पट्ट्यात नसेल, आणि मंद पडलेल्या कॉम्प्युटरचं दुखणं त्यांच्याइतकं अचूक ओळखणाराही नसेल. सदलग्याचं जैन घर, त्यामुळं जेवण सूर्यास्ताआधी. पण तोवरचा अख्खा दिवस हे आमचे साडू, म्हणजे अण्णा, एका खुर्चीत बसून ‘नेमकं कुठं थांबतंय’ एवढंच शोधू शकत. कॉम्प्युटर अडकला की आपण तो बंद करून चालू करतो. अण्णांसमोर तसा हात पुढं केला की ते तो हळूच बाजूला सारत. म्हणत, “पावणं, बंद केलं की दुखणं लपतंय. जात न्हाय.” एका लग्नात पंगत रखडली, तेव्हा सगळे आचाऱ्यावर खेकसत होते. अण्णा पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि तीन वाढप्यांत लोणच्याचा चमचा एकच आहे, हे शोधून आले.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या दूध केंद्रातला काटा अडायला लागला. एकेका किटलीचं वजन कॉम्प्युटरवर उमटायला मिनिट-मिनिट जायचं, रांग रस्त्यावर यायची, दूध नासायचं. चेअरमननी खापर फोडलं कॉम्प्युटरवर बसणाऱ्या सुजाता वहिनींवर, आणि त्यांच्या जागी दुसरी बाई बघायचं ठरवलं. वहिनी आपल्या वहीत नोंदी करत राहिल्या. मी मात्र अण्णांना घेऊन गेलो. त्यांनी वहिनींनाच शेजारी बसवून सगळं विचारून घेतलं आणि दुपारी ते कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सच्या पोटात शिरले. तिथं जोडलेल्या प्रत्येक यंत्राची एक फाईल असते. काट्याची वायर सैल होती. ती निघून पुन्हा लागली की नव्या नावाची फाईल तयार व्हायची आणि जुनी तशीच राहायची. अशा शेकडो मेलेल्या फायली साठल्या होत्या, आणि प्रोग्रॅम दर किटलीला एकेकीच्या दारात उभा राहून उत्तराची वाट बघत होता.

अण्णांनी जुन्या फायली काढल्या, काट्याला एकच कायमचं नाव दिलं, वायर घट्ट बसवली. संध्याकाळच्या पहिल्या किटलीचं वजन लगेच उमटलं. मग ते चेअरमनना सगळ्यांदेखत म्हणाले, “वहिनींचा दोष न्हाय. वायर कवा कवा निघाली, ते ह्यांनी वहीत लिवून ठेवलंतं. म्हणून मला घावलं.” वहिनींनी पदरानं डोळे टिपले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

यंदा अण्णा लेकाकडं बेंगळुरूला राहायला गेले. परवा फोन केला, तेव्हा बराच वेळ हवापाण्याचं बोलले आणि मग सहज म्हणाले, “इथं समदं लई वेगात चालतंय, पावणं. जरा बघून जावा म्हणून कोण बोलवत न्हाय.” मी त्यांना पुढच्या महिन्यात इकडं या म्हटलं. काटा तर आता अडत नाही, तरी ‘जरा बघून जावा’ म्हटलं.