मामाचा उखाणा आणि वर न गेलेला हात

रविवारी दुपारी, मुलुंड पूर्वेला, माझ्या धाकट्या बहिणीच्या केळवणात मामाला स्ट्रोक आला. पंगतीत तेव्हा श्रीखंड दुसऱ्यांदा वाढलं जात होतं. झटका आल्यानंतर काही वेळ उपस्थित सगळे हसत होते. ही माहिती व्हिडिओवरून पडताळलेली आहे.

हसण्याला कारण होतं. लग्न ठरलेल्या भाचीला मामाने जेवायला बोलवायचं, तिने उखाणा घ्यायचा आणि मग सगळ्यांनी मामाला आग्रह करायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. मामाचा उखाणा एकच. बारसं असो, मुंज असो, तो तोच घेतो:

'मुलुंडच्या स्टेशनबाहेर बटाटेवडा गरम,
आमची अमुक त्याच्याहून नरम.'

अमुकच्या जागी मामीचं नाव येतं. उखाणा संपला की मामा क्रिकेटच्या पंचासारखे दोन्ही हात वर करून षटकार जाहीर करतो. मग मामी म्हणते, "नरम तो वडा." इथे लोक हसतात. हा क्रम कधी चुकल्याचं कुणाला आठवत नाही.

त्या दुपारी 'स्टेशनबाहेर'पर्यंत ठीक होतं. 'बटाटेवडा' तोंडात घोळला. 'गरम' आलाच नाही. मामीच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं ऐकू आलं. शेवटी फक्त उजवा हात वर गेला.

"एक हात म्हणजे बाय झाला," मोबाइलवर शूटिंग करणारे शेजारचे काका म्हणाले. "सिक्स कुठाय?"

पंगत हसली. वन्स मोअर मिळाला. मामाने उखाणा पुन्हा घेतला, तो आधीपेक्षा वाईट गेला, आणि हशा आधीपेक्षा मोठा झाला. मामीने आपलं वाक्य दोन्ही वेळा म्हटलं.

बहीण ताटावरून उठली.

"अगं, केळवणाच्या ताटावरून उठतात का?" आई म्हणाली. "शोभतं का नवऱ्या मुलीला?"

बहीण मामासमोर जाऊन बसली. "मामा, हास बघू."

मामा हसला. उजवा गाल वर गेला, डावा जागेवर राहिला.

"आता दोन्ही हात वर कर."

काय चाललंय हे न कळल्यामुळे पंगतीतल्या चार-पाच जणांनीही हात वर केले. त्यांचे दोन्ही गेले. मामाचा डावा मांडीवरून जेमतेम उचलला गेला आणि श्रीखंडाच्या वाटीत पडला.

"स्ट्रोक आहे," बहीण म्हणाली. "आत्ता निघायचं."

"तू कधीपासून डॉक्टर झालीस?" आईने विचारलं.

"ऑफिसात ट्रेनिंग होतं. सँडविच फुकट होतं म्हणून बसले होते."

मामीचं निदान पित्ताचं होतं. ती कोकम सरबत घेऊन आली. बहिणीने ग्लास काढून घेतला. "काही पाजू नको गं. गिळता आलं नाही तर श्वासनलिकेत जाईल."

"मग निदान आपल्या डॉक्टरांना फोन करू. न विचारता गेलं की ते रुसतात."

"रुसू देत. त्यांना नंतर केळवणाला बोलाव."

मामा काहीतरी बोलला. ते फक्त मामीला कळलं. "पँट म्हणतायत. लेंग्यावर येणार नाहीत."

"लेंग्यावरच येतील," बहीण म्हणाली.

तिने हॉस्पिटलांना फोन लावले आणि प्रत्येकाला एकच विचारलं: स्ट्रोकचा पेशंट आहे, सीटी स्कॅन आत्ता होईल का? सर्वांत जवळच्या ठिकाणी मशीन बंद होतं. दुसरीकडून होकार आला. अँब्युलन्सला वेळ लागणार होता. काकांच्या गाडीपुढे दुसऱ्या कुणाची तरी गाडी लावलेली होती. फाटकाशी रिक्षा होती. मामा मध्ये, एका बाजूला मामी, दुसऱ्या बाजूला गजरा माळून नवी साडी नेसलेली बहीण, असे तिघं त्या रिक्षातून गेले. मी मागच्या रिक्षात होतो. माझ्याकडे मामाची पँट होती.

"शेवटचे व्यवस्थित कधी होते?" इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी विचारलं.

"व्यवस्थित म्हणजे," मामी म्हणाली, "तसे ते लग्नापासूनच..."

"मामी, बोलणं. बोलणं नीट कधी होतं?"

यावर एकमत होईना. मामीच्या मते सकाळी, बहिणीच्या मते ताटं मांडताना. तेवढ्यात काकांचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आला. वर लिहिलं होतं, 'बाय'. डॉक्टरांनी तो सुरुवातीपासून पाहिला. पहिल्या दृश्यात मामा दोन्ही हातांनी पातेलं धरून स्पष्ट म्हणतो, "आधी श्रीखंड, मग उखाणा. रिकाम्या पोटी मी बायकोचं नाव घेत नाही." काकांकडून शूटिंगची वेळ विचारून घेतली. ती वेळ धरायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. व्हिडिओ संपेपर्यंत ते हसले नाहीत. संपल्यावर नर्स हसली.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. ती विरघळवणारं इंजेक्शन झटक्यानंतर ठरावीक तासांतच देतात. मामा त्या तासांत पोहोचला होता. इंजेक्शन दिलं गेलं. पुन्हा बोलता येईल का, या मामीच्या प्रश्नावर डॉक्टरांनी थांबून बघू, असं सांगितलं. मामीच्या मांडीवर मामाची पँट होती, तिची घडी ती मोडत होती आणि पुन्हा घालत होती.

घरी सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी वाचा तपासायला आलेल्या बाईंनी मामाला पाठ असलेलं काहीही म्हणायला सांगितलं. आईने रामरक्षा सुचवली. मामाने उखाणा घेतला. 'स्टेशनबाहेर'वर तो अडखळला, थांबला, पुढे गेला. 'गरम' आला. मामीचं नाव पूर्ण आलं. त्याने हात वर केले. उजवा डोक्यावर गेला, डावा कानापर्यंत.

"नरम तो वडा," मामी म्हणाली.