बांडीला सडा शिकवताना

मथुरा माझी मागच्या अंगणाची शेजारीण. मालगुंडच्या वर आमची वाडी आणि वाडीच्या डोक्यावर कातळाचा सडा. लग्न होऊन आली तेव्हापासून ती गुरं घेऊन सड्यावर जाते. नवरा गुणाजी मुंबईत वॉचमन. लोक तिचं कौतुक करतात. मला राग येतो, म्हणून लिहिते आहे.

गेल्या शिमग्याला गुणाजी आला तो घाटावरच्या बाजारातून एक पाडी घेऊन. पांढरी, अंगावर काळे ठिपके, म्हणून बांडी. गोठ्यात बांधली आणि स्वारी मुंबईला परत. त्या गृहस्थाला एवढंही सुचलं नाही, की घाटावरच्या गुराला आमचा सडा ठाऊक नसतो. शिमग्यानंतर गवत करपतं आणि हिरवी राहते ती घाणेरी, गुरांना विष. इथं जन्मलेलं वासरू आईच्या मागे फिरताना ती टाळायला शिकतं. बांडीची आई राहिली घाटावर.

यावर आमच्याकडे जुनी रीत आहे. नवं जनावर जाणत्या गायीच्या गळ्याला आखूड दाव्यानं जोडायचं. निघण्याआधी पेंढा घालून पोट भरायचं, म्हणजे ते दिसेल त्यावर तुटून पडत नाही. जाणती गाय घाणेरीपासून तोंड फिरवते, तसं नव्यालाही फिरवावं लागतं. हे पाऊस लागेपर्यंत चालवायचं, आणि मागे माणूस हवंच. मथुरेनं बांडी म्हाताऱ्या तांबू गायीला जोडली.

तेवढ्यात नेत्राचा फोन. नेत्रा तिची एकुलती लेक, कांदिवलीला दिलेली. पहिलंच बाळंतपण, माहेरी यायची होती. पण डॉक्टरांनी प्रवास बंद केला. सासू हयात नाही. वैशाखातली तारीख. "आये, तू ये गो," एवढंच म्हणून ती पोर रडत राहिली.

मथुरा माझ्या पायरीवर येऊन बसली. "वैनी, बांडी आपली आपण चरायला लागली की मी सुटले. खालच्या घरची यमुनाबाई गुरं सोडील, बांधील. दिवसभर मागं नाय फिरायची."

"मग पाऊस लागेपर्यंत थांब."

"बाळ थांबतंय होय?"

मग तिनं स्वतःच डोकं चालवलं. बांडीच्या आंबोणात, पेंड-कोंड्याच्या खाण्यात, घाणेरीचा पाला चिरून घालायला लागली. आधी चिमूटभर, मग मूठभर. मला कळलं ते वासावरून. गोठ्यात गेले.

"हे काय चालवलंयस?"

"सवय लावतेय. पयल्यांदा मिशरी लावली तेवा घेरी येऊन मी विहिरीजवळ आडवी झालेली. आता काय होतं मला?"

"मिशरी तू थुंकतेस तरी. ही गिळते आहे! घाणेरी यकृत बिघडवते, मथुरे. त्याला सवय लागत नाही. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले ते काय झक मारायला?"

"शिकलात. पन गुरं पाळलीत कदी?"

"नाही पाळली. म्हणून तर मोकळी आहे."

 तिनं पाला मात्र बंद केला नाही.

चैत्र संपता संपता बांडीनं आंबोणाला तोंड लावणं सोडलं. डोळे पिवळे, शेण घट्ट. उन्हात उभी राहिली की पांढरं कातडं भाजल्यासारखं सोलून निघायचं. काळे ठिपके तेवढे शाबूत. मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नळीनं कोळशाचं पाणी पोटात सोडलं, सुया टोचल्या आणि बजावलं, ऊन अजिबात लागता कामा नये.

मथुरेनं गोठ्याला गोणपाटं लावली आणि त्या काळोखात बांडीजवळ बसली. ओलं गवत काडी काडी भरवत. "तू जा मुंबईला, मी बसते इथे," मी म्हटलं, आणि खरंच बसले. बांडीनं माझ्या हातचं गवत हुंगलं आणि तोंड फिरवलं. यमुनाबाईचंही तेच. मथुरेचा हात आला की खायची.

नात झाली ती मथुरेनं मोबाईलवर पाहिली.

"आये, तू दिसतच नायस. बसलीयस कुठं?"

"गोठ्यात गो. तू दाव तिला. नाक तुझ्या बापाचं घेतलान बघ भवानीनं."

फोन ठेवून तिनं पुढची काडी बांडीच्या तोंडात दिली.

पाऊस जवळ आला तेव्हा बांडी सावरली. पहिल्या दिवशी सड्यावर घाणेरीचं झुडूप दिसताच फुरफुरून मागे सरली. मथुरा धावत माझ्या दारात. "वैनी, शिकली! दावं न लावता शिकली!" संध्याकाळी तिनं पिशवी भरली. कुळीथ, कोकमाचं आगळ, नातीला दुपटी.

दुसऱ्या दिवशी गुरं यमुनाबाईनं नेली. मथुरा नवी साडी नेसून गाडीच्या वेळेची वाट बघत माझ्या ओटीवर बसलेली. दुपार व्हायच्या आत यमुनाबाई परत, मागे बांडी, पोट खपाटीला.

"ही कशालाच तोंड लावीना गो. गवताला पन नाय. नुसती तुझ्या घराकडं बघून हंबरते."

मथुरा उठली. बांधावरचं गवत उपटून पुढे धरलं. बांडीनं खाल्लं. तीच काडी यमुनाबाईनं धरली, तर मान वळवली.

 मथुरेनं पिशवीतले कुळीथ काढून माझ्या हातात दिले, "कोन जात असेल त्याच्याबरोबर धाडा." मग घरात जाऊन जुनं लुगडं नेसली.

"अगं, बारशाला तरी जाशील की नाही?" मी ओरडले.

"जाईन की," ती काठी घेत म्हणाली, "बांडीला पन घेऊन जाते. कांदिवलीला गवत मिळतंय काय, तेवढं इचारा फोनवर."

आणि सड्याची वाट चढायला लागली. बांडी तिच्या पाठोपाठ.