फुवांनी जपानला धाडलेले कोट

कुणाला काही द्यायचं मनात आलं, तर ते आमच्या फुवांना कळू न देता द्यावं, एवढं शहाणपण सबंध तालुक्याला आलं होतं. फुवा म्हणजे माझ्या फुईचे, आत्याचे, यजमान. तापीकाठी बागायत, आवाज पहाडी, आणि दिलेली वस्तू घेणाऱ्याला लाभेपर्यंत तिचा पिच्छा पुरवण्याची खोड. गावजेवणात स्वतः जेवायचे नाहीत. शेवटच्या पंगतीत डाळ पातळ झाली का, ते वाकून बघायचे. फुईनं शेजारणीला लोणचं दिलं, तर तासाभरात हे दारात उभे. "लागनं का चांगलं?" त्या बिचारीनं अजून बरणीही उघडलेली नसायची.

जपानात भूकंप झाला, तेव्हा मामलेदारांनी तिकडच्या लोकांसाठी गरम कपडे गोळा केले. गठ्ठे चढवायचे म्हणून नंदुरबार स्टेशनात गाडी उभी, आणि फुवांनी त्यातला एक गठ्ठा सोडून उघडला. "रावसाहेब, हाऊ कोट घाली दखा." मामलेदारांनी हसत हात घातला, बाही उसवून हातात आली. "तठला मानूस थंडीमा हाऊच कोट घाली ना?" फुवा गरजले. गार्ड शिट्टी फुंकून दमला, गाडी गेली, गठ्ठे मागे राहिले. लोकांनी फुवांना काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. मग आठवडाभर फुवांच्या ओसरीवर ते कोट शिवायला शिंपी बसले आणि त्यांना रांधून घालता घालता फुई माझ्यावरही खेकसायला लागली.

एवढ्यावर भागेल तर ते फुवा कसले! मला इंग्रजी येतं म्हणून मला ओढून ते गठ्ठ्यांबरोबर मुंबईला आले. गोदीत गठ्ठे उघड्यावर, ओल्या फरशीवर पडलेले. कारकून म्हणाला, "जातील सावकाश." फुवा सरळ गठ्ठ्यावर चढून बसले.

"तठे उतारी कोन ली?"

"तिकडे उतरवून घ्यायला असतो आपला माणूस."

"त्याना नाव सांगा."

कारकून माझ्याकडे बघू लागला, मी समुद्राकडे. "फुवा, पुरे हो आता!" मी अक्षरशः हात जोडले. ते हलले नाहीत. अखेर वैतागून कारकुनानंच हमाल बोलावले आणि यारीच्या साखळीला लटकत गठ्ठे जहाजात चढले.

जहाज सुटलं. आता भांडायला समोर कुणी नव्हतं. फुवा पागोटं काढून धक्क्याच्या कडेला उभे राहिले. कधी नव्हे त्या हळू आवाजात म्हणाले, "पोचतीन ना रे?"

"पोचतीन, फुवा," मी म्हणालो. मला तरी काय ठाऊक! जहाज दिसेनासं झालं, तरी ते तिकडेच बघत होते. शेवटी मीच पागोटं त्यांच्या डोक्यावर ठेवलं आणि हात धरून त्यांना परत फिरवलं.