सालीचा मान

बाकीसने पन्नास वर्षं मेंढ्या राखल्या आणि त्यांच्या दुधाचं कडक चीज केलं. सार्डिनियाच्या त्या डोंगरगावात चीजच्या जाड, गोल चाकावर बोटाने टकटक करून, आत ते भरीव आहे की पोकळ, हे न कापता सांगणारा तो एकटाच. पण या हिवाळ्यात त्याचा शेवटचा दात पडला, आणि त्याने चीज खाणंच सोडलं.

"किसून घालते, बाबा," त्याची लेक गोनारिया म्हणाली.

"किसलेलं बाळांना आणि बाळंतिणींना. मी यातला कोण?"

"दोघांपेक्षा हट्टी."

मांस चाववत नव्हतं, अंडं त्याला आवडत नव्हतं. विजार दोरीने बांधायची वेळ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुन्या चीजचा लहानसा तुकडा रोज पोटात गेला, तरी हाडामांसाला आधार होईल. त्यात मीठ पुष्कळ असतं, तेव्हा रश्शात वेगळं घालू नका." गोनारियाची आई अशीच खंगत खंगत गेली होती. ते दिवस तिला पुन्हा बघायचे नव्हते.

तिने घेवड्याच्या रश्शात गुपचूप कीस मिसळला. पहिल्याच घोटाला म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला.

"मला फसवून भरवतेस?" म्हणाला, आणि दारात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तळघरात उतरली. फळीवर एक चाक दोन हिवाळे पडून होतं. ते बाकीसने केलेलं शेवटचं. तिने ते फोडलं. त्याच्या कडक सालीवरची तेल-राखेची पुटं खरवडली, ती कोमट पाण्याने धुतली, आणि सालीचा तळहाताएवढा तुकडा घेवडा व रानबडीशेपेच्या हंडीत सोडला. मीठ घातलं नाही. हंडी दुपारपर्यंत मंद रटरटत राहिली.

त्या घरात हंडीतली साल, ज्याने चीज केलं त्याची. आजोबांपासूनची रीत. गोनारियाने ती फुगलेली, मऊ साल आपल्या नवऱ्याच्या, तोरेच्या ताटात वाढली. आता मेंढ्या तोच बघायचा. चाक कुणाचं, ते तिने सांगितलं नाही.

"काय वास आहे," तोरे म्हणाला. "माझ्या हाताला गुण आला म्हणायचा."

"तुझ्या?" बाकीसने मान वर केली. "तुझं चीज उंदीरसुद्धा हुंगून सोडतात."

"मग हे कुणाचं?"

म्हाताऱ्याने काट्याने साल उलटली. पाठीवर सुरीच्या तीन रेघा होत्या, त्याच्या हातच्या.

"हे माझं."

"असेल. पण तुम्ही कुठं खाता?"

बाकीसने ताट स्वतःकडे ओढलं. हिरड्यांखाली साल हळूच दबली, सुटली.

"मीठ बेताचं आहे," तो म्हणाला.

"वरून घातलंच नाही. आहे ते सालीचं."

"मग बरोबर आहे." त्याने कागदासारखी पातळ भाकरी रश्शात मोडली. "साली किती निघतील?"

"सात-आठ."

"आणि आतलं?"

गोनारियाने फोडलेलं चाक त्याच्यापुढे सरकवलं.

"कीस," बाकीस ताटावरून मान वर न करता म्हणाला. "माझ्या रश्शावर भुरभुरव. पण माझ्यासमोर."

तिने उठून खुंटीवरची किसणी काढली.