संदर्भसूचीतल्या दोघी

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, मी स्वल्पविरामांच्या नादी लागले. सांगलीत विश्रामबागेत राहते, एकटीच. पीएचडी करणारी मुलंमुली माझ्याकडे प्रबंधाची शेवटची पानं घेऊन येतात आणि मी त्यांची संदर्भसूची लावून देते. आपण कुणाकुणाचं वाचून लिहिलं त्याची ही कबुली. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, साल कंसात, मग लेखाचं नाव, नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत, आणि दुसरी ओळ थोडी आत सरकवलेली. प्रबंध लिहिता लिहिता मेटाकुटीला आलेल्या माणसाला हे काम म्हणजे लग्न लागल्यावर मांडव आवरण्यासारखं वाटतं. मला आवडतं. जगात एवढी एकच जागा राहिली असेल जिथं पूर्णविराम चुकला तर कुणाला तरी वाईट वाटतं.

मुलं काय काय करून आणतात! इतिहासाच्या एका मुलानं लेखकाच्या जागी ‘इंटरनेट’ लिहिलं होतं. दुसऱ्यानं आदरापोटी प्रत्येक दिवंगत लेखकाच्या नावाआधी ‘कै.’ लावलं, आणि संगणकानं इमानेइतबारे ते सगळे ‘क’खाली नेऊन ठेवले. बिचारे एकत्र तरी आले. मी त्याला म्हटलं, बाबा रे, इथं मेलेल्याला कै. नसतं आणि जिवंताला श्री. नसतं, सगळे सारखेच. त्याला ते फार उद्धट वाटलं.

तपासायची आमची एक पद्धत होती. आमची म्हणजे माझी आणि माझ्या यजमानांची. ते बँकेतून निवृत्त झालेले, माझ्या वनस्पतिशास्त्रातलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण मूळ लेखाची पानं समोर घेऊन ते एकेक नोंद मोठ्यानं वाचत, चिन्हांसकट. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस उघडा, कंस मिटा, अगदी आरतीच्या चालीवर. मी पडद्यावर बोट ठेवून जुळवत जाई. एकानं वाचायचं, एकीनं बघायचं. एकट्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही, डोळा जे असायला हवं तेच वाचतो.

ते गेल्यावर मी काम सोडणार होते. मग युक्ती सुचली. सकाळी मूळ लेख बघून सगळ्या नोंदी मोबाइलमध्ये बोलून ठेवायच्या आणि दुपारी जेवणानंतर तो आवाज लावून पडद्यावर जुळवायचं. घरात दोन माणसं असल्यासारखं वाटतं. दोन्ही मीच असते, ही गोष्ट वेगळी. शेजारच्या वहिनींना वाटायचं, माझ्याकडे दुपारी कुणी तरी बाई येते. मी त्यांना बरेच दिवस तसंच वाटू दिलं.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. मिरजेच्या पलीकडच्या खेड्यातली, वडिलांची हळदीची शेती, आणि हिचा विषय हळदीची कंदकूज. जमिनीतल्या जमिनीत कंद सडतो आणि पाला पिवळा पडेपर्यंत कळत नाही, तो रोग. तिचे मार्गदर्शक साताऱ्याच्या एका कॉलेजातले. या रोगावर मी सांगलीच्या कॉलेजात नोकरीला असताना लेख लिहिला होता, तो तिनं वाचलेला, म्हणूनच पत्ता काढून आली. येताना ओल्या हळदीची पिशवी आणली. लय नाव ऐकलंय मॅडम तुमचं, म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

एरवी मी मजकूर वाचत नाही. पण सूचीतली प्रत्येक नोंद आत कुठे तरी वापरलेली असावी लागते, नाही तर ती काढायची, म्हणून शोध घ्यावा लागतो. त्या दुपारी मी आवाज लावून बसले होते. माझाच आवाज एकेक नाव घेत होता. त्यात एक आडनाव आलं, पाठोपाठ दोन आद्याक्षरं, पूर्णविरामासकट. सकाळी बोलून ठेवताना यंत्रासारखं बोलून गेले असणार, कळलंच नाही. दुपारी ऐकलं तेव्हा हात थांबला. ते माझं माहेरचं नाव होतं.

ही नोंद वापरली कुठे ते शोधलं. इंग्रजीत होतं, मराठीत सांगायचं तर असं: या संशोधिकेची निरीक्षणं ढोबळ आणि अपुरी असून पुढे अमुक यांनी ती पूर्णपणे खोडून काढली. त्यातली अमुक म्हणजे मी, माझ्या सासरच्या नावानं. आणि ढोबळ निरीक्षणंवाली तीही मीच. मला खूश करण्यासाठी पोरीनं मलाच झोडपलं होतं.

आधी हसू आलं. मग ते वाक्य परत वाचलं आणि फार राग आला.

साताऱ्यात शिकत असताना मी आल्याच्या कंदकुजीवर काम केलं. पावसाळाभर सायकलवरून शेतं हिंडायची, चिखलात बसून वाफे उकरायचे. वाफ्यात पाणी साचलं की कूज सुरू होते, असं तेव्हा मांडलं. तो माझा पहिला छापील लेख, वर माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही पूर्ण. वडिलांनी तो अंक शेजारीपाजारी दाखवला. कुणाला कळणार होतं त्यातलं, पण नाव तर वाचता येत होतं.

मग लग्न होऊन सांगलीला आले. थोरल्या जावेचं नाव आणि माझं नाव एकच निघालं. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, म्हणून सासूबाईंनी नवीन नाव काढलं आणि यजमानांनी तबकातल्या तांदळावर अंगठीनं ते लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात कुणाचं वाईट मनात नव्हतं, माझ्याही नव्हतं. जुन्या नावानं आई तेवढी हाक मारत राहिली. भाऊ मला ताई म्हणतो, त्यामुळे आई गेल्यावर ते नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही.

सांगलीला हळदीवर काम केलं तेव्हा पाण्याचा संशय बाजूला ठेवून बेण्याकडे, म्हणजे लावणीच्या कंदाकडे, बघितलं. कूज बेण्यातूनच येते, पाणी तिला फक्त वाट करून देतं. साताऱ्याची वाट तुडवली नसती तर हे सुचलंच नसतं. लेखात मी तसं लिहिलंही होतं, पहिल्या लेखाचा हवाला देऊन. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी ती ओळ काढायला लावली. स्वतःची टिमकी स्वतः वाजवू नये, म्हणाले. तेव्हा आमच्याकडे तशीच रीत होती, मलाही ते सभ्यपणाचं वाटलं. एक ओळ गेली आणि दोघींमधला दोरा तुटला.

ती मुलगी पानं न्यायला आली तेव्हा मी चहा दिला आणि ते वाक्य दाखवलं.

“ही जिला तू खोडून काढलीस ना, ती मीच.”

तिनं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुमी? पण ह्ये नाव तर येगळंच हाय, मॅडम.”

“माहेरचं.”

 ती बशीत सांडलेला चहा पदरानं पुसावा तसा ओढणीनं पुसायला लागली. मला तिची दया आली, पण राग काही उतरला नव्हता.

तिनं तिथूनच मार्गदर्शकांना फोन लावला. ते म्हणाले, प्रकरणावर सह्या झाल्या, उचलेगिरीची तपासणी झाली, आता मजकुरातला एक शब्द हलवला तरी सगळं पहिल्यापासून करावं लागेल आणि मुदत तर डोक्यावर आलीय. आणि सूचीचं म्हणाल तर लेखावर जे नाव छापलंय तेच द्यायचं असतं. वर गमतीनं विचारलं, मॅडमनी नावबदलाचं गॅझेट केलंय का. मुलगी रडवेली झाली. मला मात्र सूचीपुरतं त्यांचं बरोबर वाटलं. हाच नियम मी किती जणांना कडक शब्दांत सांगितला होता. आपल्यावर आला म्हणून नियम वाईट, असं कसं म्हणायचं?

तेव्हा दोन्ही नोंदी मी माझ्या हातानं लावल्या. माहेरचं आडनाव वर, सासरचं पार खाली, मध्ये सगळं गाव. आद्याक्षरं, टिंबं, कंस, एक खोट काढता येणार नाही अशा. तिला म्हटलं, जा, वेळेत दे.

ती गेल्यावर घर फार मोकळं वाटलं. रविवारी मुलाचा फोन येतो, बेंगलोरहून. त्याला सांगायला लागले, तर म्हणाला, आई, कोण वाचतं गं तेवढं. खरंच आहे. पण मला काय हवं होतं? पहिला लेख लय भारी होता असं कुणी म्हणावं, एवढी हाव नव्हती. चिखलात बसलेली ती मुलगी आणि मी एकच आहोत, हे माझ्याशिवाय आणखी एका तरी माणसाला आधीपासून ठाऊक असावं, एवढंच. आई नाही, वडील नाहीत, भावाला मी नुसती ताई, यजमानांनी मला ओळखलं तेच नव्या नावानं. माझ्यामागं ती मुलगी सूचीत वरच्या बाजूला एकटीच राहणार, ढोबळ निरीक्षणं करून गप्प झालेली. याचं मला भयंकर वाईट वाटत होतं.

तोंडी परीक्षा साताऱ्याला ठरली. ती सगळ्यांना खुली असते, म्हणून मुलीनं मला आग्रहानं बोलावलं. नाही म्हणणार होते, पण घरी तरी काय होतं. सकाळची एसटी धरली, कराडला चहा घेतला आणि साताऱ्याला उतरले. आमचं माहेरचं घर होतं त्या बोळातून मुद्दाम गेले नाही.

वर्गात थोडीच माणसं होती. शेवटच्या बाकावर बसले, तिथून खिडकीत अजिंक्यतारा दिसतो. मुलीचे वडील पुढच्या रांगेत, नवी टोपी घालून, गुडघ्यावर हात ठेवून बसलेले. बाहेरून आलेले परीक्षक विदर्भातले, बरेच वयस्क. पोरगी छान बोलली. मी मनातल्या मनात तिची उत्तरं पुरी करत होते. सगळं आटपलंसं वाटलं तेव्हा परीक्षकांनी प्रबंधाचं एक पान उघडलं.

“या एका बाईंना तुम्ही एका वाक्यात निकालात काढलं,” ते म्हणाले. “हे मला पटलं नाही.”

मुलगी मान खाली घालून उभी राहिली. त्यांनी पिशवीतून एक जुना, कडा पिवळ्या पडलेला लेख काढला. म्हणाले, हा मी दर वर्षी माझ्या मुलांना वाचायला देतो, शेतात कसं बघावं ते कळायला. यांनी पुढं काही लिहिलं असेल म्हणून मी कितीदा शोधलं. हळदीवर नंतर जे काम झालं ते याच वाटेनं झालंय, पण या बाई स्वतः कुठंच सापडल्या नाहीत. मला नेहमी वाटायचं, कुठं गेल्या असतील?

“इथल्याच होत्या त्या,” ते म्हणाले. “तुमच्यापैकी कुणाला माहिती आहे का?”

मुलगी वळून माझ्याकडे बघायला लागली. मीच सांगावं म्हणून थांबली असावी. परीक्षकांनी चष्मा चढवला, लेख डोळ्यांजवळ धरला आणि वरचं नाव मोठ्यानं वाचलं. आद्याक्षरं नव्हेत. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण, शाळेत हजेरी घेतात तसं.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते काही ठरवलं नव्हतं.

“हजर,” मी म्हटलं.